गैरहजर दात

दात गेला याचं मला एवढं काही वाटत नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाचं काय काय जातं, त्यात एक दात. पण विमा कंपनीच्या बाईंनी फोनवर त्याला ‘गैरहजर’ म्हटलं, ते मात्र मला झोंबलं. मी उभा जन्म शाळेत बँड शिकवला. गैरहजर कोणाला म्हणायचं हे निदान मला तरी कोणी शिकवू नये. माझ्या वर्गातल्या एका ट्रॉम्बोनवाल्याचा पाय मोडला तेव्हा त्याची आई त्याला चाकाच्या खुर्चीतून हजेरीला घेऊन यायची. असो. तो आता सिनेटच्या निवडणुकीला उभा राहतोय म्हणे.

सुरुवात झाली लीजन हॉलमध्ये. आमच्या विस्कॉन्सिनमधल्या गावात शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या घरी चूल पेटली, तर त्या घरात भांडण झालंय असं लोक धरून चालतात. कारण बाकी सगळे माजी सैनिकांच्या त्या हॉलमध्ये तळलेला मासा खायला जमलेले असतात. मासा मऊ होता. बटाटे मऊ होते. कोबीचं सॅलड तर माझी सासूसुद्धा खायची, आणि तिला दात नव्हतेच. मी मोडलो तो राय नावाच्या धान्याच्या कडक पावावर. कट्ट असा आवाज झाला आणि पुढचा, वरचा, अगदी मधला दात हलला.

समोर डेल कुंकेल बसला होता. डेल माझा शेजारी, चाळीस वर्षांपासूनचा. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कुंपण नाही, कारण ते दुसऱ्याने घालावं असं दोघांनाही वाटत होतं. त्याची फुप्फुसं कामातून गेली होती. नाकात नळी आणि शेजारी चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर, त्याला तो ‘धाकटी’ म्हणायचा. थोरली म्हणजे त्याची बायको मॅक्सीन, ती पलीकडे बसून त्याच्या ताटातले बटाटे कमी करत असायची.

“काय झालं रे?” डेल म्हणाला.

“दात.”

“कुठला? दाखव.”

मी ओठ वर करून दाखवला. डेलचा चेहरा एकदम पडला.

“अरे, तो नाही,” तो म्हणाला, “तो तर माझा दात आहे!”

हे नीट सांगायला हवं. आम्ही दोघं तरुणपणी फौजेत होतो. डेल खराखुरा लढून आला. मी फौजेच्या बँडमध्ये होतो, मी बिगुल वाजवून आलो. आमच्याकडे माजी सैनिकाला पुरताना बिगुलावर एक छोटी धून वाजवतात. ती ऐकून दगडालाही हुंदका येईल. पण वाजवणारे आता उरले नाहीत, म्हणून फौज दोन जवान पाठवते आणि एकाच्या हातात बिगुल देते. बिगुलाच्या आत एक डबा असतो. बटण दाबायचं, ओठांना लावायचं, गाल फुगवायचे. धून डब्यातून वाजते. आमच्या हॅरल्ड बास्टला पुरलं तेव्हा त्या जवानाने वाजवून झाल्यावर बिगुल काखेत धरला, सलाम ठोकला, आणि बिगुल काखेतूनच पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. हॅरल्डची मुलगी हसली की रडली, ते आजवर तिलाही कळलेलं नाही.

त्या दिवशी परत येताना डेलने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि माझ्यापुढे हात केला. “ऑर्व्हिल, माझ्या वेळी तू वाजवायचंस. डबा वाजला तर मी उठून बसेन, सांगून ठेवतो.” मी हात दिला. आणि बिगुल ओठांवर दाबून धरावा लागतो, तो टेकतो ते नेमक्या त्याच दातावर.

दुसऱ्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीण म्हणजे आमच्या के फ्लूगरची पोरगी, शाळेत तिसऱ्या रांगेत क्लॅरिनेट वाजवायची. वाजवायची म्हणजे धरायची.

“मास्तर, तोंड उघडा. अजून. जबडा सैल सोडा, तुम्हीच म्हणायचात ना?” ती म्हणाली. चाळीस वर्षं मी लोकांच्या पोरांना जे बोललो ते असं एकेक करून परत येतंय.

मूळ तडकलं होतं. दात काढायचा, हाडात स्क्रू बसवायचा, त्यावर नवा दात. तिने आकडा सांगितला. मी तो आर्डिसला, म्हणजे माझ्या बायकोला, गाडीत सांगितला, तेव्हा तिने गाडी बंद केली. गेल्याच वर्षी आमची भट्टी बंद पडली होती, आणि विस्कॉन्सिनमध्ये घर गरम करायची भट्टी बदलायची की नाही हा प्रश्नच नसतो. शिल्लक तिच्यात गेली. स्वस्तातला काढता-घालता दात मिळतो, पण त्यावर बिगुल टेकला की तो जिभेखाली येतो, असं डॉक्टरीणच म्हणाली.

“पण विमा आहे ना, मास्तर?”

“आहे की! सरकारी. मेडिकेअर.”

तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. मी लोकांच्या तेराव्याला, म्हणजे आमच्याकडे चर्चच्या तळघरात हॅम-सँडविच खातात तेव्हा, तसंच थोपटतो. म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाची, मूत्रपिंडाची, गुडघ्यांची सरकार काळजी घेतं. दात मात्र शरीरात धरत नाहीत. ते कुठून तरी भाड्याने आणून बसवलेले असावेत असा काहीतरी समज आहे. शाळेचा दातांचा विमा होता, तो निवृत्तीच्या दिवशी संपला. त्या दिवशी मला शाळेने केक दिला होता. दातांचा विमा काढून घेतला आणि केक दिला, बघा.

गावात बातमी पसरायला संध्याकाळही लागली नाही. मागच्या गल्लीतला ड्वेन रुबी सर्वांत आधी आला. ड्वेन मेक्सिकोला जाऊन अख्खी बत्तिशी नवी बसवून आलाय. चेहरा एकोणऐंशीचा, दात एकोणिसाचे. तो हसला की आमच्या स्वयंपाकघरात उजेड वाढतो.

“मेक्सिको!” तो म्हणाला. “निम्म्याहून कमी पैशांत. वर समुद्र.”

“त्या दातांनी बिगुल वाजवता येतो का?”

ड्वेनने विचार केला. “अरे, सफरचंद खाता येत नाही.”

मग आर्डिसची बहीण लव्हॉन. ती टीव्हीवरच्या जाहिराती देववाणी असल्यासारख्या ऐकते. सरकारी विमा सोडून खाजगीवाल्यांचा तो दुसरा घ्यायचा, त्यात दात फुकट, चष्मा फुकट, व्यायामशाळाही फुकट. आम्ही चौकशी केली. दात होते. पण आर्डिसचे हृदयाचे डॉक्टर त्या विम्याच्या डॉक्टरांच्या यादीत नव्हते. म्हणजे तिचं हृदय द्यायचं आणि माझा दात घ्यायचा. आर्डिस म्हणाली, “विचार करू या,” आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

लीजन हॉलमध्ये कोणीतरी म्हणालं, अरे तू माजी सैनिक, माजी सैनिकांच्या दवाखान्यात जा की. मीही इतका भोळा की गेलो. छाती पुढे काढून गेलो. काउंटरवरच्या बाई फार सहृदय होत्या.

“दाताला इजा सेवेत असताना झाली का?”

“नाही. मासा खाताना. म्हणजे पाव.”

“तुम्हाला कायमचं शंभर टक्के अपंगत्व आहे का?”

“नाही.”

“तुम्ही कधी युद्धकैदी होतात का?”

“नाही हो.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. मलाही वाटलं. शत्रूने मला एकदा तरी पकडायला हवं होतं. पण आमचा बँड होता टेक्सासमध्ये, तिथे शत्रू कुठून आणायचा.

शेवटी आम्ही निव्वळ दातांचा विमा घ्यायचं ठरवलं. आर्डिसने कंपन्या तपासल्या, फोनवर संगीत ऐकत दोन स्वेटर विणले आणि एका कंपनीची टॅमी नावाची बाई मला जोडून दिली. टॅमी इतकी गोड बोलायची की आपण काहीतरी गमावतोय हे तिच्याकडून ऐकायलाही बरं वाटायचं.

“ऑगस्टअखेर पैसे भरलेत तर एक सप्टेंबरपासून विमा लागू, सर. साफसफाई लगेच. मोठ्या कामांना एक वर्षाचा प्रतीक्षाकाळ आहे.”

“एक वर्ष? आणि तोवर दात काढून टाकला तर?”

“अजिबात नको, सर! गैरहजर दाताचं कलम आहे ना. जो दात आधीच तोंडात नाही, त्याच्या जागी नवा बसवायला आम्ही पैसे देत नाही. प्रतीक्षाकाळ संपेल त्या दिवशी दात हजर हवा.”

“म्हणजे सडका दात वर्षभर सांभाळायचा?”

“आमचे ग्राहक सांभाळतात, सर,” टॅमी अभिमानाने म्हणाली.

मी डॉक्टरणीला विचारलं, राहील का? ती म्हणाली, राहील, पण त्याच्यावर काही टेकवायचं नाही. पावाचा तुकडा नाही, मक्याचं कणीस नाही. आणि मास्तर, बिगुल तर मुळीच नाही.

त्या संध्याकाळी मी अंगण ओलांडून डेलकडे गेलो. तो मागच्या ओसरीवर धाकटीला टेकून बसला होता. मी त्याला सगळं समजावलं.

“म्हणजे पुढच्या सप्टेंबरपर्यंत मी मरायचं नाही,” तो म्हणाला.

“ऑक्टोबरपर्यंत. स्क्रू मुरायला वेळ लागतो.”

“तू मला हप्ता कितीचा ते सांग. असा विमा मला डॉक्टर देत नाहीत.”

आणि मग आमचं ते सुरू झालं. रोज सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर काढायचो, डेल खिडकीत यायचा.

“आहे का?” तो ओरडायचा.

“आहे!” मी ओठ वर करायचो. “तू?”

“आहे!”

एवढंच. मग दोघंही आत जायचो. सुरुवातीला आम्ही यावर दात काढून हसायचो. मॅक्सीन म्हणायची, दोन म्हातारे आणि त्यांचा पोरकटपणा. पण नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण येईतो डेलला ओरडायला दम पुरेना, तो नुसता हात वर करायचा. आणि माझी हिरडी सुजून नाकापर्यंत आली होती.

त्या हिवाळ्याबद्दल न बोललेलं बरं. आर्डिस माझ्या सॉसेजचे इतके बारीक तुकडे करायची की ते सॉसेज आहे हे मला वासावरून ओळखावं लागायचं. दर महिन्याला प्रतिजैविकं. औषधांच्या दुकानातला तात्पुरता सिमेंटचा लेप मी आरशासमोर दाताला लावायचो, आणि एकदा त्यात ओठच चिकटला. लव्हॉनने तर फोनवर माझं बोलणं ऐकून मला पक्षाघात झाला म्हणून रुग्णवाहिका पाठवली. रुग्णवाहिकेचं बिल वेगळं आलं, ते सरकारने भरलं नाही, कारण मला पक्षाघात झालेला नव्हता.

ठणका लागायचा तो कानापर्यंत. एकदा आर्डिस मला म्हणाली, “अरे, काढून टाक ना तो. मला बघवत नाही.” आणि दुसऱ्याच क्षणी म्हणाली, “नाही, नको. चार महिने झालेत. आता सोडलं तर सगळं फुकट.” असं माणूस लॉटरीबद्दल बोलतं. आम्ही दाताबद्दल बोलत होतो.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी मी डबा बाहेर काढला आणि खिडकीत डेल नव्हता. मी थंडीत उभा राहिलो. मोठ्याने ओरडलो, “आहे!” मग मॅक्सीन खिडकीत आली. तिने ‘नाही’ अशी मान हलवली. मी तिथेच डब्याला धरून रडलो. नाकातलं पाणी मिशीवर गोठलं, एवढी थंडी होती.

आता आमच्याकडची एक गोष्ट. जानेवारीत मेलेल्याला आमच्या गावच्या स्मशानात लगेच पुरता येत नाही. जमीन चार फूट गोठलेली असते. शवपेटी दगडी खोलीत ठेवतात आणि जमीन वितळायची वाट बघतात. म्हणजे डेललाही प्रतीक्षाकाळ लागला. आम्ही दोघंही एप्रिलपर्यंत थांबलो, तो तिकडे आणि मी इकडे.

त्या तीन महिन्यांत सल्ल्यांना ऊत आला. ड्वेन म्हणाला, “डबा लाव, वेड्या. डेल ऐकतोय थोडाच?” लव्हॉन म्हणाली, “तू नुसते गाल फुगव, आम्ही कोणाला सांगणार नाही.” डॉक्टरीण म्हणाली, “मास्तर, एक सूर लावलात तर दात तुमच्या घशात जाईल.” आणि आर्डिस, जिने दोन स्वेटरभर फोन धरला होता, ती म्हणाली, “ऑर्व्हिल, सप्टेंबरला फक्त पाच महिने आहेत. डेल समजून घेईल. तो आपलाच होता.” तिचं काही चुकत नव्हतं, आणि त्यामुळे मला तिच्यावर चिडताही येईना. मॅक्सीनने मात्र एका शब्दाने काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

एप्रिलमध्ये जमीन सुटली. चिखल होता, वारा होता. फौजेने दोन जवान पाठवले. त्यातली सार्जंटबाई माझ्या नातीच्या वयाची, हातात चकाकता बिगुल. मी तिला विचारलं, आत डबा आहे का? “आहे सर, नवी बॅटरी घातलीय,” ती म्हणाली. तिला वाटलं मला दिलासा मिळेल.

मी आर्डिसजवळ जाऊन उभा राहिलो. पाद्री बोलत होते. मला ऐकू येत नव्हतं. मला फक्त ती शवपेटी दिसत होती, आणि ती किती लहान वाटत होती. डेल मोठा होता.

“मास्तर,” आर्डिस हळूच म्हणाली. चिडली की ती मला मास्तर म्हणते. “गाडीच्या डिकीत चादरीखाली काय आहे ते मी पाहिलंय.”

“मी फक्त आणलाय. वाजवणार नाही.”

“मग आणलास कशाला?”

तिने पर्स उघडली, तिच्यातून एक मोठा रुमाल काढला आणि माझ्या कोटाच्या खिशात कोंबला. “जा,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “जा, आणि लवकर आटप, म्हणजे मला विचार बदलायला वेळ मिळणार नाही.”

मी बिगुल आणला. सार्जंटबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपला बिगुल खाली केला. मी थडग्यापासून थोडं दूर, टेकडीवर जाऊन उभा राहिलो. बिगुल ओठांना लावला.

पहिले सूर खालचे असतात. ते निघाले. ठणका डोळ्यांमागे गेला, पण सूर निघाले. मग धून वर चढते. सर्वांत वरच्या सुरावर मी जोर लावला आणि दात सुटला. मला ते कळलं, ऐकूही आलं. सूर फाटला. वाईट फाटला, माझ्या वर्गात असता तर मी पोराला बाहेर काढलं असतं. तोंडात रक्त आलं. मी दात जिभेने गालात सरकवला आणि उरलेले सूर फुंकले, ओल्या, घोगऱ्या आवाजात. शेवटचा लांब धरतात. तो मी धरला.

खाली आलो तेव्हा कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, फक्त ड्वेन बघत होता आणि त्याने पहिल्यांदाच तोंड मिटलं होतं. मी रुमालात रक्त थुंकलं, दात हातात घेतला, मूठ बंद केली. त्याच क्षणी ओळ पुढे सरकली. आमच्यात प्रत्येकजण शवपेटीवर मूठभर माती टाकतो. माझी पाळी आली. मी वाकलो, मूठ मातीत घातली, माती उचलली, टाकली. दात त्याच मुठीत होता हे मला रुमाल खिशात ठेवताना आठवलं.

“दात कुठे?” आर्डिसने विचारलं. मी खाली बोट दाखवलं. तिने तोंडावर हात धरला. ती हसतेय की काय ते मला कळेना, तिलाही कळत नसावं.

मॅक्सीन आली. माझ्या हनुवटीवरचं रक्त तिने हातमोज्याने पुसलं.

“वरचा चुकला,” ती म्हणाली.

“हो. माफ कर.”

“वेडा आहेस. डबा असता तर चुकला नसता.” मग ती मला धरून रडली, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

सप्टेंबर आला. प्रतीक्षाकाळ संपला. आर्डिस म्हणाली, एकदा विचारून तरी बघ, हप्ते भरलेत आपण. मी फोन केला. संगीत ऐकलं. टॅमी आली, तशीच गोड.

“अभिनंदन, सर! वर्ष पूर्ण झालं. दात तोंडात आहे ना?”

“नाही.”

“अरेरे. म्हणजे मग गैरहजर आहे. कलमाप्रमाणे...”

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. पलीकडच्या खिडकीत मॅक्सीन होती. तिने हात वर केला, रोज करते तसा. मीही केला.

“बाई,” मी म्हणालो, “तुम्ही काय लिहायचं ते लिहा. पण तो गैरहजर नाही. तो ज्याचा होता त्याच्याकडे आहे.”